पुण्याला पुरेल एवढा पगार

ज्या ऑफिसात पगार कमी, त्या ऑफिसात किस्से जास्त. आमच्याकडे तर इतके साचलेत की चहाला चार जण उभे राहिले की कोणीतरी म्हणतोच, ‘मोहोडभाऊ, तो पुण्याचा सांगा ना.’ मी विचारतो, ‘कोणता?’ कारण पुण्याचेच पाच आहेत.

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर. खाली गोडाऊन, वर बिलिंग. मी अ‍ॅडमिनला, म्हणजे बिघडलेले पंखे, रजेचे अर्ज आणि वरून आलेलं पत्र ज्याचं त्याला नेऊन देणं. दोन वर्षांपूर्वी बिलिंगच्या चौघांसाठी वरून चार पत्रं आली. बिलिंग पुण्याला हलणार. येणाऱ्याला वीस टक्के वाढ, न येणाऱ्याला तीन महिन्यांचा पगार आणि रामराम. विचार करायला पंधरा दिवस. गोडाऊन इथंच राहणार होतं म्हणून मी वाचलो. पत्रं मात्र मीच वाटली.

*

पत्रांच्या मागोमाग पुण्याहून एक साहेब आले. वय तिशीचं, बोलणं गोड. भिंतीवर प्रोजेक्टर लावून त्यांनी आम्हाला पुण्यातला संसार दाखवला. भाडं एवढं, किराणा एवढा, शाळा एवढी. शेवटी हिरव्या अक्षरांत ‘शिल्लक’ असंही आलं.

आमच्यातले राऊत सावनेरचे. रोज बसनं येणारे, कमी बोलणारे. त्यांनी हात वर केला. ‘साहेब, तुम्ही स्वतः भाडं किती देता?’

‘माझं काय, बाबांचा फ्लॅट आहे.’

राऊत म्हणाले, ‘मग पगार राहू द्या साहेब. आम्हालेही एखादे बाबा द्या.’

साहेब हसले. आमच्यातलं कोणी हसलं नाही.

*

तरी राऊत स्वतःच्या खर्चानं तीन दिवस पुण्याला खोली पाहायला गेले. उतरले चुलतभावाकडे. वाघोलीकडे एक घर पसंत पडलं, भाडंही बसत होतं. मालकानं विचारलं, ‘माणसं किती?’

‘पाच. आई आहे, दोन पोरं आहेत.’

‘मग नाही जमायचं. टँकरचं पाणी आहे. तिघांपुरतंच मिळतं.’

अशी चार घरं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना चुलतभावाची बायको म्हणाली, ‘भाऊजी, परतीचं तिकीट काढलं ना?’

राऊत आले आणि त्यांनी तीन महिन्यांचा पगार घेतला. आता सावनेरजवळ एका धरमकाट्यावर कोळशाचे ट्रक तोलतात, निम्म्या पगारात. परवा भेटले. मी विचारलं, ‘पुरते का?’

‘पाणी पुरते,’ म्हणाले.

*

निखाडेचं वेगळंच झालं. हा खूश होता. पत्र खिशात घालून संत्रा बर्फी घेऊन घरी गेला. बायको इथल्याच एका खाजगी शाळेत मास्तरीण. तिनं पत्र दोनदा वाचलं.

‘तुमचा पगार वाढला आणि माझा गेला. मग आपला वाढला का?’

निखाडे म्हणाला, ‘तुह्या पगाराचं काय, तो तर वरखर्चाचा.’

आतून एक पिशवी आणून तिनं पलंगावर पालथी केली. नऊ वर्षांच्या पावत्या. पोरांच्या शाळेच्या, विजेच्या, त्याच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची एक.

हे मला त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, डबा न उघडता. मी म्हटलं, ‘मग काय ठरलं?’

‘मी एकटा जातो. बायको नोकरी नाही सोडत.’

गेला. तिथं खोली, मेस, महिन्याकाठी एक खेप नागपूरची. वीस टक्के त्यातच गेले. मागच्या खेपेला त्याच्या धाकट्यानं दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, ‘आई, पाहुणे आले.’

*

आता पल्लवीचा. सव्वीस वर्षांची पोरगी, हिशेबात आमच्या सगळ्यांच्या पुढं. वडील गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर कामाला. पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, ‘मले पुरते.’

दोन दिवसांनी तिचे वडील ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. मला वाटलं, मुलीच्या जातीची काळजी. हॉस्टेल कसं आहे, बस कुठून मिळते, सगळं सांगायची मी मनात तयारी केली.

त्यांनी विचारलं, ‘वाढ किती देऊन राहिले?’

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांच्या मागं, दारात उभी असलेली पल्लवी दिसली. तिनं नुसती मान हलवली. नाही म्हणून.

‘वाढ नाही, काका,’ मी म्हणालो. ‘जुन्याच पगारावर नेऊन राहिले.’

त्यांनी वळून पोरीकडे पाहिलं. ‘मग कायले जातं वं?’

‘अनुभव मिळते, बाबा,’ पल्लवी म्हणाली.

*

राहिले ढोटे. एक्कावन्न वर्षांचे, सगळ्यांत सिनियर. त्यांनी पत्रावर सर्वांत आधी सही केली. या वयात दुसरं कोण घेणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मुलगी बारावीत होती. तिची परीक्षा झाली की ती आणि तिची आई, आमच्या सुनंदावहिनी, पुण्याला जाणार, असं ठरलं. जाऊन महिन्याभरात ढोटेंनी कळवलं, फ्लॅट मिळाला.

सात-आठ महिन्यांनी जुन्या फायली पोचवायला मला पुण्याला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी सुनंदावहिनी ऑफिसात आल्या. टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम दिली. तिघांचा फोटो.

‘दर रविवारी व्हिडिओवर घर दाखवतात ते. हॉलची भिंत एकदम सुनी आहे, भाऊजी. हे लावाले सांगजा.’

ढोटे मला घ्यायला आले ते थेट त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. एका खोलीत सहा खाटा. खाटेखाली त्यांची पेटी, पेटीवर स्केचपेननं नाव. ढोटेच म्हणाले, ‘फ्लॅटचं डिपॉझिट नाही जमलं, मोहोड. पोरीचे क्लासेस आहेत.’

मी टॉवेल सोडला आणि फोटो त्यांच्या हातात दिला. ते खाटेवर बसले. मग उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, ‘चाल.’

जवळच एक नवी बिल्डिंग होत होती. तिचा सॅम्पल फ्लॅट गिऱ्हाइकांसाठी उघडा असतो. तिथली सेल्सची बाई ढोटेंना ओळखत होती. ‘या काका,’ म्हणाली आणि किल्ली देऊन बाहेर जाऊन बसली. आत सोफा, पडदे, प्लास्टिकची फळं, आणि ती भिंत.

खिळा ठोकता येत नव्हता. मग ठरलं असं की मी भिंतीला चिकटून खाली बसायचं आणि फ्रेम दोन्ही हातांनी खालून वर धरायची. ढोटेंनी दोन-तीनदा मोबाईलमधून पाहिलं. ‘बोटं आत घे जरा,’ म्हणाले. मग कॉल लावला.

‘हे पाह्य. लावला फोटो.’

तिकडून वहिनींचा आवाज आला. ‘छान दिसते. पोरीलेही दाखवते.’ मुलगी आली, तिनं पाहिलं, ‘मस्त, बाबा,’ म्हणाली आणि गेली. ढोटे मग खिडकी दाखवायला लागले, पडदे दाखवायला लागले. फोटो मात्र कोपऱ्यात दिसत असावा, कारण ते मला डोळ्यांनी सारखं थांब, थांब सांगत होते. माझे खांदे भरून आले होते, फ्रेम हलायला लागली होती.

वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, फोन जरा भिंतीकडे करा.’

ढोटेंनी केला.

‘मोहोडभाऊजी, हात दुखले असन तुमचे,’ वहिनी म्हणाल्या. ‘ठेवा आता खाली.’