सासूबाईंच्या हातावरची चांदी

माझ्या मुलीचं डोहाळजेवण तोंडावर आलं होतं, आणि लाडवांचा गरम पाक नेमका सासूबाईंच्या उजव्या हातावर सांडला. केडगावच्या आमच्या डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं. "यात चांदीचं संयुग असतं, आजी. जंतू मरतात. मात्र थर जाड द्यायचा."

डॉक्टरांनी चांदीचं नाव काढायला नको होतं. सासूबाईंचं माहेर जामखेडचं, घरचं सोनाराचं दुकान. तिथे दुकानातला केरही फेकत नसत. त्यातले सोन्याचांदीचे कण वेगळे काढणारा झारेकरी येईपर्यंत तो जपून ठेवत.

मी फ्रिजवर 'सकाळ, संध्याकाळ मलम' असा कागद चिकटवला. रोज दोन्ही खुणा होत होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. आठवडाभरात जखमेत पू झाला. डॉक्टरांनी ट्यूब मागितली, तर ती जवळजवळ भरलेली. सासूबाई मलम काडीच्या टोकाने लावत होत्या आणि जुनं मलम पुसलेला कापूस बिस्किटांच्या डब्यात साठवत होत्या.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. हात बरा झाला नाही तर ओटी भरायची नाही, असं बजावलं. पहिली ओटी आपणच भरायची हे सासूबाईंनी नात शाळेत असल्यापासून ठरवलेलं.

घरी आल्यावर मी समजावलं. ट्यूब दुसरी मिळते, त्यात चांदी चिमूटभरही नसते, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि काडी उचलली. मग मी सोनाराच्या दुकानातल्या हिशेबाने सुरुवात केली.

"आई, लावतानाच पातळ लावलं तर कापसावर परत काय येणार?"

त्या थांबल्या. "हे आधी सांगायचंस."

त्या दिवसापासून पोळीवर लोणी थापावं तसं मलम हातावर बसू लागलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, ट्यूब इतक्यात संपलीच कशी?

पहिली ओटी सासूबाईंनीच भरली. हातावर नवी गुलाबी कातडी आली होती आणि ती सगळ्या बायकांना दाखवून झाली. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. कापसाचा डबा कुठे आहे? बाळाच्या वाळ्यांत तेवढीच भर.

तो पू लागलेला कापूस मी केव्हाच दवाखान्याच्या कचऱ्यात देऊन आले होते.

"झारेकरी घेऊन गेला, आई."

"वजन केलं होतंस ना?"