कांबळेकाका आणि वॉल्टरचं पाणी

पाण्यात हात घातल्याशिवाय कांबळेकाका ओढ्यातली मोजपट्टी वाचत नसत. पूर्व ऑरेगॉनच्या त्या उंच, कोरड्या माळावर एप्रिलमधलं पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ. पण काका बाही सरसावून कोपरापर्यंत हात बुडवायचे आणि मग मला म्हणायचे, "हं, लिही." हात लालबुंद व्हायचा. "आधी पाण्याला हॅलो नको करायला?" असं वर मलाच विचारायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सरकारी पाणीखात्यात काका साहेब आणि मी त्यांचा मदतनीस. ते नागपूरचे, मी सोलापूरचा. शंभर मैलांत तिसरा मराठी माणूस नाही. कुठल्या रँचनं, म्हणजे गुरांच्या मळ्यानं, ओढ्यातून किती पाणी घ्यायचं, ते आम्ही बघायचो. एकमेकांचं तोंड न बघणारे रँचवालेसुद्धा काकांचा आकडा मान्य करत. याचा काकांना भारी अभिमान. "आपण अंपायर, यार. अंपायरने बॅट्समनला टिप्स द्यायच्या नसतात."

वॉल्टर नावाचा म्हातारा रँचवाला हा त्यांचा तिथला एकुलता एक मित्र. खालच्या शेजाऱ्याचा झरा आटला, तेव्हा वॉल्टरनं आपल्या पाटाचं गेट बंद केलं आणि ते पाणी शेजाऱ्याच्या गुरांसाठी खाली जाऊ दिलं. एक उन्हाळा, दोन, असे पाच. दर खेपेला काकांनी नोंद केली : गेट बंद. तिथला कायदा असा, की सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर हक्क जातो. शेजाऱ्याला दिलेलं पाणी म्हणजे आपणच वापरलेलं, असा वॉल्टरचा भाबडा समज.

"काका, सांगून टाका ना त्याला," पाच वर्षं भरायच्या आधी मी एकदा म्हटलं.

"अन् उद्या खालच्याने विचारलं, मित्राला टिप का दिली, तर?" काकांनी गाडी सुरू केली. मला ते पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसलो.

पुढे शेजाऱ्यानं रँच विकला. नव्या मालकानं वॉल्टरच्या हक्कालाच हरकत घेतली. सुनावणीत काकांनी पाचही उन्हाळ्यांच्या नोंदी एका सुरात वाचून दाखवल्या. वॉल्टरचं पाणी गेलं. पाणी नाही म्हणजे गवत नाही, आणि गवत नाही म्हणजे गुरं नाहीत.

गुरं ट्रकमध्ये चढवली त्या दिवशी आम्ही गेलो होतो. का गेलो, कोण जाणे. वॉल्टरनं काकांना एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो," काका म्हणाले.

वॉल्टर मान हलवून ट्रकचं दार लावायला वळला.

काकांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला मुलीकडे गेले आणि दोन वर्षांत वारले. अंत्यविधीला मी गेलो. रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. काका फार सरळ माणूस, असं लोक म्हणत होते. मीही मान डोलावली.

वॉल्टरनं मला काहीच विचारलं नव्हतं. माहीत मलाही होतं.