शेगडीजवळची खुर्ची

रेनो कंगास आगीला भयंकर घाबरायचा. घराला लागून शेड, शेडमध्ये सुतारकाम, बाहेर छातीपर्यंत बर्फ आणि आत लाकडाची शेगडी. शेगडीभोवती त्याने विटा रचल्या होत्या, राख झाकणाच्या डब्यात भरून तो बर्फात नेऊन ठेवायचा, आणि भुसा साचू नये म्हणून तो थेट बाहेर फेकणारा दांडगा पंखा बसवला होता. ऊब टिकावी म्हणून दाराखिडक्यांच्या फटीही बुजवल्या होत्या. कुणाच्याही शेडमध्ये गेला की आधी धुराडं तपासायचा, मग माणसाची चौकशी.

नोव्हेंबरात त्याची बायको हेल्वी वेलदोड्याचा पाव भट्टीत विसरली. एकदाच. पण मुलगी आयली शहरातून फोनवर म्हणाली, "आईला आता वृद्धाश्रमात ठेवू या."

"ती माझ्या डोळ्यांसमोर राहील!" रेनो भडकला. दुसऱ्याच दिवशी त्याने हेल्वीची खुर्ची शेडमध्ये शेगडीला खेटून मांडली. ती विणायची, तो रंधा मारायचा.

आणि हेल्वी ढासळतच गेली. डोकं दुखायचं, टाके चुकायचे, वार आठवेनात.

"आज मंगळवार ना रे?"

"शनिवार. सौना, आपली वाफेची न्हाणी, तापवायचा वार विसरलीस? माहेरचे नाव टाकतील!" तो चिडवायचा, आणि आतून पार खचायचा.

जानेवारीत एकदा सकाळी त्याने यंत्र थांबवून कॉफी विचारली. उत्तर नाही. सुया मांडीवर, मान कलंडलेली. त्याने तिला तशीच उचलली आणि बर्फात आणली.

तिला दवाखान्यात नेल्यावर अग्निशमनवाला डेल रेनोला घेऊन शेडमध्ये आला. त्याने दार लावलं, पंखा सुरू केला आणि धुमसती काडी शेगडीच्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला जायच्या ऐवजी सरळ त्यांच्या तोंडावर आला.

"काका, पंखा हवा बाहेर फेकतो. फटी तुम्ही बुजवल्या. मग आत हवा येणार कुठून? धुराड्यातून, शेगडीचा विषारी वायू घेऊन. त्याला वास नसतो."

"मग मी कसा धड?"

"तुम्ही सारखे फळ्या आणायला बाहेर जाता. काकू तिथेच बसून."

रेनो भुशातच बसला. रोज आपल्या हातांनी, मायेने, घोंगडी पांघरून त्याने तिला तिथे बसवलं होतं.

तिसऱ्या दिवशी हेल्वीने झोपेतून उठून स्वच्छ आवाजात विचारलं, "आज गुरुवार ना?"

गुरुवारच होता. रेनोला रडू आवरेना. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे मला वेड लागत नव्हतं?"

"नव्हतं गं. मीच तुला..."

हेल्वी म्हणाली, "मी गेल्या आठवड्यात आयलीला फोन केला होता, तुझ्या नकळत. म्हटलं, ने मला वृद्धाश्रमात. तुझे हाल बघवत नव्हते रे मला."