इंजिनातले गोल मणी

दिल्लीत पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेत मी मराठी शिकवायचे आणि प्रमोदिनी शेजवळ विज्ञान. ती उंचीला इतकी लहान, की नववीच्या मुली तिच्यापेक्षा उंच दिसायच्या आणि फळ्याचा वरचा अर्धा भाग ती कधी वापरायचीच नाही. या बाईला मोटरसायकल चालवायची होती. स्कूटी नव्हे, गिअरची, धडधडणारी मोटरसायकल. कॉलेजात असताना भावाची गाडी तिनं चालवून पाहिली होती. पण सिग्नलला थांबली, की पाय अधांतरी आणि गाडी आडवी.

चाळिशी उलटल्यावर तिनं ठरवलं, की आपण गाडीच्या मापाचे होणार नसू, तर गाडीच आपल्या मापाची करून घ्यावी.

तिचा नवरा जयंत केंद्र सरकारच्या रस्ते खात्यात होता. सरोजिनी नगरला क्वार्टर, दोघांच्या नोकऱ्या, मुलगी बंगलोरला शिकायला. तिनं एक जुनी बुलेट घेतली आणि करोल बागेत गुरनाम सिंग नावाच्या मिस्त्रीकडे टाकली. गुरनामपाजी पन्नाशीचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. म्हणाले, "मैडम जी, ये तो नई गाड़ी बनानी पड़ेगी."

"तो बनाइए ना," ही म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटली, की ती तिथेच. पाजींनी मागची चौकट कापून सीट खाली आणली, लहान चाकं बसवली, हँडल जवळ घेतलं. इंजिन पूर्ण उघडून नवा पिस्टन घातला. वर्षानुवर्षांच्या काळपट थराखाली दडलेली इंजिनाची ॲल्युमिनियमची झाकणं प्रमोदिनीनं हौसेनं मायापुरीच्या एका वर्कशॉपमधून साफ करून आणली. सोमवारी स्टाफरूममध्ये ती आम्हाला फोनवरचे फोटो दाखवायची. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, पण तिचा चेहरा बघायला मजा यायची.

मे महिन्यात गाडी उभी राहिली. ती सीटवर बसली, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. नुसती बसूनच राहिली, असं जयंतनं मला सांगितलं. मग किक मारली. इंजिन लगेच सुरू झालं आणि अगदी गोड आवाजात चालू राहिलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी ती रिजच्या जंगलातल्या रस्त्यानं निघाली. मागून जयंत स्कूटरवर. परतीच्या वाटेवर इंजिनातून ठक-ठक ऐकू येऊ लागली. आधी हलकी, मग कुणी आतून हातोडी मारावी तशी. तिनं लगेच इंजिन बंद केलं. गाडी टेम्पोत घालून करोल बागेत न्यावी लागली.

पाजींनी तेल काढलं. ताज्या तेलात चांदीचा वर्ख खलावा तशी चमक होती. इंजिन पुन्हा उघडलं. पिस्टनचा दांडा खाली जिथे फिरतो, तिथलं बुश नावाचं धातूचं कडं नांगर फिरवल्यासारखं ओरखडलं होतं. तेलाचा पंपही गेला होता. नव्यानं बांधलेल्या इंजिनाची ही दशा पाहून पाजींनी बुश उजेडात धरून उलटसुलट करून पाहिलं.

शेवटी म्हणाले, "आंधी. जिस दिन इंजन जोड़ा, उस दिन आंधी आई थी. रेत घुस गई."

त्या दिवशी आंधी आली होती, हे खरं होतं. मे महिन्यातली ती धूळ दिल्लीत राहणाऱ्याला सांगायला नको. बंद कपाटातल्या ताटांवरही बसते.

"मैं अपनी तरफ़ से सब नया डाल देता हूँ," पाजी म्हणाले. "चलो, भूल जाओ." त्यांचा आवाज पडला होता. आपल्या हातचं इंजिन पहिल्याच फेरीत बसलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

प्रमोदिनी मात्र बुशवर बोट फिरवत होती. बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. ती म्हणाली, "पाजी, अभी मत जोड़िए. पहले पता तो चले, ये है क्या."

"अब पता करके क्या होगा?"

"वही चीज़ अंदर रह गई होगी, तो नया सामान भी खा जाएगी."

पाजींना ते आवडलं नाही. त्यांना वाटलं, बाई आपल्यावर शंका घेते आहे. त्यांनी बुश आणि थोडं तेल बाटलीत घालून दिलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, पण शाळेचं ऑफिस उघडं असायचं. मी निकालाच्या कामासाठी गेले होते, तर प्रयोगशाळेत ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. तिनं तेल रॉकेलनं धुऊन, गाळून, खाली उरलेला गाळ काचेवर घेतला होता. शेजारी दुसरी काच होती, तिच्यावर खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ.

"विजयालक्ष्मीताई, इकडे या. आधी ही बघा."

धूळ पाहिली. वेडेवाकडे, धारदार तुकडे, मधेच अभ्रकाची चमक.

"आता ही."

दुसऱ्या काचेवर चमकणाऱ्या धातूच्या कपच्यांमध्ये गोल गोल, पारदर्शक मणी पडले होते. इतके गोल, की मी पटकन म्हणाले, "अगं, हा तर साबुदाणा!"

ती हसली. "हो ना? आंधीत असं गोल काही येत नाही, ताई. वाऱ्यानं उडणारी वाळू इतकी गुळगुळीत नसते. हे कुणीतरी बनवलेलं आहे." तिनं एक थेंब आम्ल टाकून पाहिलं, काही झालं नाही. सुईनं एक मणी दाबला, तो फुटून त्याचे टोकदार तुकडे झाले. "काच! पण इंजिनात काचेचे मणी कुठून येणार?"

तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं नावही नव्हतं. गाडी बिघडलेली बाई वाटतच नव्हती ती.

घरी गेल्यावर तिनं जयंतला मणी दाखवले. तो म्हणाला, "अगं, हे तर आमच्याकडचे! रस्त्यावर पांढरे पट्टे मारतात ना, त्या रंगावर असे मणी टाकतात. म्हणून रात्री हेडलाइटमध्ये पट्टे चमकतात."

"अच्छा? मग रिजच्या रस्त्यावरून आत गेले?"

"बंद इंजिनात? पॉसिबलच नाही, यार." जयंतनं थोडा विचार केला. "पण असे बारीक मणी आणखी कुठे वापरतात, ते शोध. नुसता रंगच नसेल."

तेव्हा तिला मायापुरी आठवली. काळं ॲल्युमिनियम तिथे नेमकं कशानं साफ केलं, हे तिनं विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती तिथे जाऊन उभी राहिली. मालकानं कोपऱ्यातलं पोतं उघडून दाखवलं. आत पिठासारखी पांढरी पूड. हवेच्या जोरानं ही धातूवर मारायची, की मळ निघून जातो. तिनं चिमूटभर कागदात बांधून आणली. सूक्ष्मदर्शकाखाली तेच मणी!

पण तिचं समाधान झालं नाही. ते भाग पाजींनी पेट्रोलनं धुतले होते, तिच्यासमोर, दोनदा. मग मणी राहिले कुठे?

ती सगळं घेऊन करोल बागेत गेली. पाजी अजून फुरंगटलेले. तिनं चहा मागवला आणि इंजिनाचं उजवं झाकण मागितलं. त्याच्या जाडीतच तेल जाण्यासाठी बारीक वाटा कोरलेल्या असतात. ती तार घालून एकेक वाट तपासत गेली. एका वाटेत तार अडली. त्या वाटेचं दुसरं टोक एका स्क्रूनं बंद केलेलं होतं.

"ये पेच कभी खोला?"

पाजी पुढे वाकले. "ये तो कोई नहीं खोलता, मैडम जी. कंपनी से ही बंद आता है." मग स्वतःच म्हणाले, "रुको."

त्यांनी तो स्क्रू तापवून सोडवला. प्रमोदिनीनं झाकण उकळत्या साबणाच्या पाण्यात बुडवलं, बाहेर काढून वाळवलं आणि काळ्या कागदावर आपटलं. जुन्या ग्रीसमध्ये घट्ट बसलेली पांढरट गुठळी सुटली आणि कागदावर भुरभुर पसरली.

गार पेट्रोलनं धुतल्यावर ती गुठळी जागची हललीच नव्हती. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, थरथर सुरू झाली, तेव्हा एकेक मणी सुटून थेट बुशमध्ये गेला होता.

पाजींनी चिमूट बोटात घेऊन चोळली. "तीस साल में नहीं देखा," ते म्हणाले. मग मान हलवून हसले. "आंधी बेचारी मुफ़्त में बदनाम हुई."

त्या दोघांचं खरं जमलं ते त्या दिवसापासून. पुढचे काही शनिवार त्यांनी इंजिनाची प्रत्येक बंद वाट उघडून उकळत्या पाण्यानं, बाटली धुण्याच्या ब्रशनं, मग हवेनं साफ केली. ती टॉर्च धरून बसायची आणि नळीच्या या टोकातून त्या टोकाला उजेड दिसल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. नवा दांडा, नवं बुश, नवा पंप बसला. पाजी अर्धवट चिडून म्हणायचे, "मैडम जी, ऑपरेशन थिएटर बना दिया मेरी दुकान को," पण स्वतः हात धुऊनच कामाला बसायचे.

जुलैत इंजिन पुन्हा सुरू झालं. पहिले काही दिवस ती रोज थोडंच चालवून तेल काढायची, गाळून बघायची. काहीच सापडलं नाही, तेव्हा कुठे लांब गेली. पहिला लांबचा प्रवास मानेसरच्या पलीकडे, मागे जयंत. त्याला मागच्या सीटवर बसायची सवय नव्हती. तो सारखा "सावकाश, सावकाश" म्हणत होता, असं तिनं आम्हाला स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवलं. ढाब्यावर ट्रकवाल्यांनी गाडीभोवती घोळका केला आणि एकानं जयंतला विचारलं, "भाई साहब, कितने में बनवाई?" जयंत म्हणाला, "हमको नहीं पता, मालकिन से पूछो," आणि पराठे मागवायला गेला.