झेनॉनच्या दिव्याला कुंकू

रुपराव वीस वर्षं नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या जाळून, धूर खात त्यांनी पडद्यावर उजेड पाडला. १९७८ साली मालकाने झेनॉनचा दिवा आणला आणि या गृहस्थाची मान ताठ झाली. तो बसवायला मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने सांगितलं, "हा वायू हवेच्या एक कोटी भागांत जेमतेम एक भाग सापडतो. जळत नाही, सहसा कशाशी मिसळत नाही. त्यातून वीज गेली की उन्हासारखा पांढरा उजेड पडतो. पण काचेत तो दाबून भरलाय. काचेला उघडं बोट लावू नका. डाग तापला की काच तिथेच कमजोर होते."

रुपरावांनी हे जोडीच्या ऑपरेटरला, देवरावांना, इतक्या वेळा ऐकवलं की ते बिचारे कान धरून म्हणत, "समजलं गा, नाही लावत."

दसरा आला. मशीनची पूजा दरवर्षी रुपरावांच्या हातची. दिव्याच्या लोखंडी डब्याला त्यांनी कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पण मन भरेना. देव सोडून देव्हाऱ्याला कुंकू लावायचं? त्यांनी डबा उघडला आणि थेट काचेवर बोट टेकवलं. मग धास्तावून कुंकू रुमालाने पुसलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

चौथ्या दिवशी खेळ संपल्यावर देवरावांनी डबा उघडला आणि तापलेला दिवा फुटला. त्यांचा उजवा डोळा गेला. मालकाने विचारलं, "काचेला हात कोणी लावला?" रुपराव मूग गिळून बसले. नोकरीची भीती होतीच, त्याहून मोठी भीती आपल्या नावाची. आळ देवरावांवर आला आणि नोकरीही त्यांचीच गेली.

देवराव मग नागपूरबाहेर वाडी गावात एका गोदामावर चौकीदारी करू लागले. रुपरावांनी आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं घालवली. शेवटी एका रविवारी, सगळं सांगून टाकायचंच म्हणून, सायकल मारत गेले. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात देवरावांनीच त्यांचा हात धरला.

"मले माफ कर गा रुपराव. तू शंभरदा सांगितलं होतं. माह्याच हातानं काच धरल्या गेली असन. तुह्या मशीनची वाट लावली म्या."

रुपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, हेही त्यांना कळत होतं.

"जाऊ दे गा," ते म्हणाले, "माफ केलं."