हरणापायी आबांचं दहावं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. मी आयुष्यात एकदाच शिकारीला निघालो, आणि त्यापायी माझ्या चांगल्या धडधाकट बापाचं दहावं रामकुंडावर ठरलं. गुरुजींशी बोलणंसुद्धा झालं होतं!

पहिल्यापासूनच सांगतो. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी नाशिकला सरकारी कचेरीत कारकून. लग्न मी माझ्या मनानं केलं, सुमनशी. आबांनी तिकडे येवल्याजवळ आमच्या गावात दुसऱ्याच मुलीच्या बापाला शब्द दिलेला. मोडला की हो माझ्यामुळे! मग दोन वर्षं अवाक्षर नाही. मी गावाला गेलो की आई बोलायची आणि आबा उठून गोठ्यात जाऊन बसायचे. सुमनला सातवा लागला होता. ती म्हणायची, "बाळ यायच्या आत आबांचा पाय एकदा आपल्या घराला लागू दे. मला दुसरं काही नको."

आता मला काय सुचावं? आबांना कौतुक दोनच गोष्टींचं, बैलांचं आणि शिकारीचं. हरणं हरभरा खाऊन जायची, त्या निमित्तानं त्यांनी तरुणपणी दोनचार पाडलीही होती. मी लहानपणापासून पुस्तकातला किडा, म्हणून सगळ्या गावात सांगायचे की या पोराच्या हातून मांजरसुद्धा हलायचं नाही. ते मला लागलेलं. मी ठरवलं, आपण स्वतः हरीण मारायचं, मांडी खांद्यावर टाकून गावात शिरायचं आणि आबांसमोर ठेवायची. मग कसे बोलत नाहीत ते बघू. त्या वेळी मला हे फार थोर वाटलं होतं.

तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. जंगल खात्याकडे अर्ज केला की सरकारी रानातल्या एका तुकड्याचा परवाना मिळायचा, ठरावीक मुदतीचा. आणि अर्ज लिहिण्यात आमचा हात कोण धरणार? नांदगावकडच्या रानाचा परवाना, शिक्क्यासकट, पंधरा दिवसांत खिशात.

गुरू केला आमच्या कचेरीतल्या गणपतमामा शिपायाला. मामा तरुणपणी मोठ्या लोकांच्या शिकारीत हाका घालून जनावर उठवायला जायचे. त्यांनी सांगितलं, "साहेब, हरीण डोळ्यानं नाय बघत, नाकानं बघतं." आणि मग नियम घातले. दहा दिवस आंघोळ बंद. डोक्याला तेल नाही. दाढी नाही, कारण दाढीच्या साबणाचा वास. कांदा-लसूण नाही. झोपायचं जमिनीवर, घोंगडीवर. चालायचं अनवाणी, म्हणजे पाऊल वाजत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाजवळ बोलायचं नाही. शिकारीला निघालो म्हटलं की शिकार हुकली!

मी दहा दिवसांची रजा टाकली आणि व्रत सुरू केलं. चौथ्या दिवशी सुमनला माझ्या वासानं मळमळायला लागलं. बिचारी दोनजिवाची. तिला एकटीला मी हरणाचं सांगितलं होतं. हरीण येईपर्यंत मी काही येत नाही, असं म्हणून ती पंचवटीत माहेरी निघून गेली. चूलही थांबली.

आता तुम्हीच सांगा. दाढी वाढलेला, केसांना तेल नाही, अनवाणी फिरणारा, जमिनीवर झोपणारा माणूस. घरात चूल नाही. विचारलं तर नुसती मान खाली घालतो. तुम्ही काय समजाल? आमच्या चाळीनंही तेच समजलं. मला तेवढं समजलं नाही.

पाचव्या दिवशी शेजारच्या सोनवणेवहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, दोन घास खाऊन घ्या भाऊजी, माणसानं खायला हवं. पिठल्याला फोडणी नाही, लसूण नाही. मी थक्क! यांना कसं कळलं मला लसूण चालत नाही? दुसऱ्या दिवशी वरच्या भामरे मास्तरांनी रेडिओ लावणं सोडलं. पोरं माझ्या दारासमोरून पाय न वाजवता जायला लागली. मला वाटलं, दाढीनं माणसाला वजन येतं म्हणतात ते हेच.

माझ्यामागं मास्तरांनी सगळी संगती लावून टाकली होती. याचे आबा गेले. बापलेकांचं बोलणं नव्हतं, म्हणून गावच्यांनी तोंडसुद्धा बघू दिलं नसणार. बिचारा इथंच एकट्यानं सुतक पाळतोय. आणि बायको गरोदर, तिला धक्का बसू नये म्हणून माहेरी पाठवलंय. सांगा, यात एक तरी फट आहे का?

नवव्या दिवशी संध्याकाळी मी पांडवलेण्याच्या डोंगरावर अनवाणी चालायचा सराव करून घरी आलो. बघतो तर दारासमोर सतरंजी, सगळी चाळ खाली मान घालून बसलेली, आणि कोपऱ्यात धोकटी घेऊन न्हावी. मास्तरांनी माझा हात हातात घेतला. "दिनकरराव, उद्या सकाळी सातला रामकुंड. गुरुजी ठरलेत. एकट्यानं किती सोसणार?"

"कशासाठी?" मी विचारलं.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "आता लपवू नका भाऊजी. आबा गेले ना तुमचे?"

शहाण्या माणसानं विचारलं असतं, तुम्हाला कुणी सांगितलं? पण मी कुठला शहाणा? वहिनींचे यजमान एसटीत कंडक्टर, येवल्याच्याच गाडीवर. मला वाटलं, त्यांनी आज गावाहून बातमी आणली. मी तिथंच सतरंजीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. दोन वर्षांत जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं एकदम आठवलं. "आबा, एकदा तरी बोलायला हवं होतं हो," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. खोटं नाही सांगत, आतडं तुटत होतं.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. पुढं सोनवणे, खाकी कपड्यांत, चेहरा पांढराफटक. आणि त्यांच्या मागं आबा.

न्हावी धोकटी तिथंच टाकून पळाला.

झालं होतं असं की सोनवणे बिचारे त्या दिवशी येवल्याला गाडी दोन तास थांबते तेवढ्यात आमच्या आईचं सांत्वन करायला जवळच्या आमच्या गावात गेले होते. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, कोण पाहिजे? हे म्हणाले, दिनकररावांचे वडील गेले, त्यांच्या घरी आलोय. पुढं जे झालं त्यात सोनवण्यांना घेरी आली आणि आबांनीच त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. मग आबा त्याच गाडीत चढले.

आबांनी काठी आपटली. "काय रं दिन्या, माझ्या नावानं आंघोळ केलीस म्हणं?"

"नाही आबा, शपथ. मी नऊ दिवस आंघोळच केली नाही."

"ते जिन्यातच कळलं," आबा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. चाळीसमोरच. परवाना काढून दाखवला. आबांनी तो मास्तरांकडून वाचून घेतला, शिक्क्यासकट. घडी घालून मला परत दिला. मग त्यांनी विचारलं, "आन बंदूक कुठं हाय?"

आता काय सांगू? मी खाली बघत म्हटलं, "ती तुमचीच मागणार होतो."

आबांनी बोटांवर हिशोब लावला. "म्हंजी माझ्याशी बोलाया हरीण पायजे. हरणाला बंदूक पायजे. आन बंदुकीसाठी माझ्याशी बोलाया पायजे."

चाळ जी हसायला लागली ती थांबेना. वहिनी रडता रडता हसत होत्या. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. आबा मात्र हसले नाहीत. सूनबाई कुठं हाय, सकाळी तिला आणाया जाऊ, एवढंच म्हणाले. मग फेटा काढून ठेवला, स्वतः बंब पेटवला आणि मला मोरीतल्या दगडावर बसवलं. तीस वर्षांच्या माणसाला!

पाठीवर ऊन पाणी ओतता ओतता त्यांनी हळूच विचारलं, "मघाशी रडत व्हतास, ते खरं व्हतं?"

"खरं होतं आबा."

त्यांनी आणखी एक तांब्या ओतला. "मला वाटायचं, तुझा राग माझ्यासंगंच सरणावर जायचा. येड्या, हरीण कशाला मारतो? एक कार्ड टाकायचं, आबा या म्हणून. मी आलो असतो."

तोंड झाकत मी म्हटलं, "डोळ्यांत साबण गेला."

"साबण आजून लावला नाय," आबा म्हणाले.