पांढरा शिंपला

काल कल्याणच्या शाळेत शिकवायच्या धड्यासाठी कोश उघडला. ‘सॉर्ट’ म्हणजे प्रत, जात. निवडून वेगळं लावणं. एवढं मला येत होतंच, गावात बी.ए. झालेला मी एकटा आहे. पण खाली त्याचं मूळही दिलेलं होतं. लॅटिनात हा शब्द चिठ्ठी टाकून वाट्याला येणाऱ्या नशिबाचा. ते वाचलं आणि नाकात एकदम खाडीच्या चिखलाचा खारट वास भरला.

ठाण्याच्या खाडीकाठचं आमचं अंगण. दोघा भावांपैकी एकालाच शाळेत सोडता येत होतं, दुसरा मिठागरात हवाच होता. मिठाच्या वाफ्यांची वाटणी गावात जशी करायचे, तसंच बाने टोपलीखाली दोन शिंपले ठेवले, एक पांढरा, एक काळा.

“पांढरा ज्याला, तो शाळेत. धर्मा, तू मोठा, घाल हात.”

“ऱ्हाऊ दे. त्यालाच आधी घालू दे,” धर्मा म्हणाला.

मी हात घातला. पांढरा निघाला. धर्मा मला ढकलून हसला, “जा रं बामना! मीठ तं माजंच खाशील ना?”

त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो. पुढे तर वाटू लागलं, मी मुळातच वेगळा.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं, “घरात तुम्ही एकटेच हुशार निघालात, नाही?” मिठाने चिरलेले हात मागे बांधून धर्मा माझ्या शेजारीच उभा होता.

मी “हो” म्हणालो. धर्मानेही मान हलवली.